स्कोडा लॉरा गाडी, मागचे ब्रेक पॅड: उजवं चाक बसलं, डाव्याचा पिस्टन अडला

उजवी बाजू पूर्ण झाली. डावी अजून जॅक स्टँडवर आहे आणि काही काळ तिथेच राहणार. नवे पॅड दोन्हीकडे आपापल्या खाचांत अलगद बसतात, गाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) मोकळ्या आहेत, डिस्कही मापात आहेत. अडलाय तो डाव्या कॅलिपरवरचा (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरचा) हँडब्रेकचा लिव्हर, आणि त्याच्यामुळे पिस्टन शेवटपर्यंत आत जात नाही.

आधी उजवीकडचं पटकन. हँडब्रेक सोडलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडके. मागच्या कामाला हँडब्रेक ओढून चालत नाही, म्हणून ओंडक्यांवर कंजुषी नको. चाक काढण्याआधी आत बसून हँडब्रेकच्या बुडाशी असलेला केबलचा नट ढिला करायचा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग केबल ताणलेलीच राहून कॅलिपरचा लिव्हर पुढे ओढलेला राहतो.

कॅलिपरचे दोन बोल्ट १३ च्या पान्याने सुटतात. बोल्टबरोबर गाइड पिनही फिरते, म्हणून ती १५ च्या पान्याने धरावी लागते. नेहमीचा १५ चा पाना त्या फटीत जात नाही, जाडीच आड येते. सायकलच्या दुकानात चाकाचा कोन आवळायला जो पातळ पाना मिळतो, तो इथे अगदी बरोबर बसतो. महागड्या सेटपेक्षा ही खरेदी जास्त कामाची. बोल्टना आट्यांवर लॉकिंगचा लेप असतो, त्यामुळे नवेच लावायचे, ३५ न्यूटन-मीटर. बऱ्याच पॅडसेटमध्ये ते डब्यातच येतात. नसतील तर वेगळे मागून घ्या. कॅलिपर सुटला की तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेक ऑइलच्या होजवर (नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही.

कॅरिअरवरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीवरच्या, स्टीलच्या क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासायचा. पॅड नंतर आवाज करतात किंवा अडकतात ते बहुतेक या गंजामुळे: क्लिपखाली पापुद्रा फुगतो, खाच अरुंद होते आणि पॅडचा कान आत दाबला जातो. पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर पुन्हा ब्रश घ्या. पिनांना सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकचंच ग्रीस. साध्या बेअरिंग ग्रीसने रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारी आवरणं) फुगतात आणि वर्षभरात पिन जाम होते. पॅडच्या पाठीला चिकट थर असेल तर वरची फिल्म सोलायची आणि तिथे ग्रीस अजिबात लावायचं नाही.

उजवा पिस्टन सुरेख आत गेला. हे कॅलिपर हँडब्रेकसकटचे आहेत: पिस्टनच्या पोटात आट्यांचा ॲडजस्टर असतो, म्हणून पुढच्या ब्रेकसारखा सी-क्लँपने सरळ दाबला तर आत जात नाही, उलट ॲडजस्टर मोडायची भीती. दाब देत घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, लॉराला दोन्ही बाजूंना तीच दिशा. काही कंपन्यांच्या गाड्यांत एक बाजू उलटी फिरते, म्हणून पिस्टन फिरवायच्या टूलच्या किटमध्ये दोन स्क्रू येतात. बाजारात मिळणारा तो स्वस्तातला चौकोनी ठोकळा मात्र घेऊ नका. तो फक्त फिरवतो, दाबत नाही. पिस्टन जागच्या जागी गरगरतो आणि ठोकळ्याच्या पिना खाचांतून निसटून बूट फाडतात. पाठीला प्लेट असलेला, स्क्रूने दाब देणारा टूलच हवा. फिरवताना दर अर्ध्या फेऱ्याला बूटकडे बघायचं. तो पिस्टनला चिकटून पीळ खायला लागला, तर कडेला थोडं ब्रेकचं ग्रीस सोडून मोकळा करायचा. टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून आधीच सिरिंजने थोडं काढून ठेवलेलं बरं. ते रंगावर सांडलं तर रंग उठतो.

आता डावीकडे. जुन्या पॅडवरच खूण होती: बाहेरच्या पॅडवर ५ मिमी मटेरिअल शिल्लक, आतल्यावर जेमतेम अडीच. उजवीकडे दोन्ही जवळजवळ सारखे. आतला पॅड जास्त झिजला की पहिला संशय गाइड पिनवर जातो, कारण पिन जाम झाली तर कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम पिस्टनकडच्या पॅडवर येतं. पण इथे दोन्ही पिना बोटाने सरकतात. म्हणजे पिस्टन ब्रेक सोडल्यावरही मागे येत नव्हता.

टूल लावल्यावर पिस्टन व्यवस्थित फिरत गेला आणि बुडाच्या दोनेक मिमी अलीकडे टणक थांबला. तेवढ्या जागेत कॅलिपर नव्या जाड पॅडवर चढत नाही. इथे जोर वाढवायचा मोह होतो. तो टाळून कॅलिपरच्या मागे बघायचं: हँडब्रेकचा लिव्हर आपल्या स्टॉपला टेकलाय का? डावीकडे टेकलेला नव्हता. लिव्हर अर्धवट ओढलेला असला की आतली यंत्रणा ॲडजस्टरचा स्क्रू पुढे ढकलून ठेवते, आणि पिस्टन त्या स्क्रूवर जाऊन थांबतो. अशा वेळी पिस्टनशी झटापट करून काही हाती लागत नाही.

दोष केबलचा की कॅलिपरचा, हे ठरवायला केबलचं टोक लिव्हरवरून सोडवायचं. केबल सुटताच लिव्हर टपकन स्टॉपवर गेला तर केबल आतून गंजलेली किंवा ताणलेली. इथे लिव्हर तसाच राहिला. हाताने ढकलला की स्टॉपवर जातो, पिस्टनही मग पूर्ण आत जातो. पण एकदा लिव्हर ओढून सोडला की स्प्रिंग त्याला परत आणू शकत नाही. म्हणजे लिव्हरचा शाफ्ट बॉडीत जाम आहे. शाफ्टभोवतीचं सील म्हातारं झालं की पावसाचं पाणी आत उतरतं आणि गंज तिथेच मुरतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास.

शाफ्टवर डब्ल्यूडी-४० मारून वीसेकदा हलवला की लिव्हर सुटतो. त्यावर समाधान मानू नका. तेल सुकलं, पाणी शिरलं की दुखणं परत येतं, शिवाय पेट्रोलिअमचं तेल सीलच्या रबराला मानवत नाही. ब्रेक घासत राहिला तर डिस्क तापते आणि नवे पॅडही जुन्यांच्याच वाटेने जातात. शाफ्ट काढून सील बदलायचं किट मिळतं, पण आतली बोअर खड्डेदार झाली असेल तर नवं सीलही गळणार, आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून डावा कॅलिपर बदलायचा.

पुण्यात नाना पेठेत विचारलं तर नवा आणि रिकंडिशन असे दोन्ही पर्याय सांगतात. रिकंडिशन वाईटच असतो असं नाही, मात्र काउंटरवरच लिव्हर ओढून सोडून बघा: स्प्रिंगने तो खटकन परत यायला हवा. पिस्टनचा व्यास ३८ की ४१ मिमी, हे जुन्या बॉडीशी ताडून घ्या. एका बाजूला वेगळा व्यास म्हणजे दोन चाकांना वेगळं ब्रेकिंग. आणि हवा काढायचा निपल बसवल्यावर वर येतोय ना, तेही बघा. खाली येत असेल तर दुसऱ्या बाजूचा कॅलिपर हातात दिलाय, त्यातून हवा कधीच निघणार नाही.

कॅलिपर बदलायचा म्हणजे ब्रेक लाइन उघडणार, म्हणजे होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे, आणि मग ब्रेक ऑइल सगळंच बदलून टाकावं: सीलबंद डॉट ४ दर्जाचं, एक लिटर. उघड्या डब्यातलं उरलेलं वापरू नका, ते हवेतली ओल ओढून घेतं.

हे लिहिता लिहिता डिस्कचाही विचार फिरला. नवी डिस्क १० मिमी, मर्यादा ८ (आकडा डिस्कवरच कोरलेला असतो), आणि दोन्ही ९.१ च्या आसपास आहेत, म्हणून ठेवायच्या ठरल्या होत्या. पण डावीच्या आतल्या अंगाला नखाला लागतील अशा रेघा आहेत. कॅलिपर आत्ता नाहीच, तेव्हा कॅरिअर काढणं सोपं. त्याचे बोल्ट एम१४ स्प्लाइनचे (डोक्यात दातेरी खाच असलेले), ९० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा, तेही नवेच लावायचे. आखूड बिट लागेल, लांब बिट मागच्या आर्मला अडतं. डिस्क बदलायच्या तर जोडीनेच. मग उजवीकडचे नवे पॅड पुन्हा काढावे लागतील, पण ते अजून रस्त्यावर उतरलेले नाहीत, त्यामुळे नव्या डिस्कवर सरळ चालतील.

ऑर्डर अशी: डावा कॅलिपर, डिस्कची जोडी, कॅरिअरचे चार बोल्ट, वॉशर, ऑइल. बसवल्यावर हवा काढायची, इंजिन बंद ठेवून पॅडल घट्ट होईपर्यंत दाबायचा, आणि हँडब्रेकला हात त्यानंतरच. केबलचा नट आवळायचा तो दोन्ही लिव्हर स्टॉपवरून किंचित हलेपर्यंत, मग तेवढाच मागे. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर.