मोठ्या तोंडी लहान घास: बासच्या ल्युअरवर मस्की

मस्की, म्हणजे मस्केलंज, हा पाइकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा तो राज्यमासा आहे, आणि अँगलर मंडळी, म्हणजे गळानं मासे धरणारे, त्याला ‘दहा हजार कास्टचा (गळ टाकण्याचा) मासा’ म्हणतात. त्याच्यासाठी बाजारात फूटभर लांबीचे, पाच-सहा औंसांचे ल्युअर (कृत्रिम आमिषं) मिळतात आणि मस्कीवाल्यांच्या पेट्या त्यांनीच भरलेल्या असतात. तरीही डेट्रॉइटच्या शेजारच्या लेक सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथ बास या माशासाठी चार इंची ट्यूब (मऊ प्लास्टिकचा पोकळ ल्युअर) टाकणाऱ्याला मधूनच चार फुटी मस्की लागतो, आणि बहुतेक वेळा लाइन कापून निघून जातो.

त्यात नवल काही नाही. उत्तर विस्कॉन्सिनच्या तलावांत मस्कीचं रोजचं खाणं म्हणजे मुख्यतः यलो पर्च आणि सकर हे मासे, आणि त्यातले पुष्कळ पर्च सहा-आठ इंचांचे असतात. पाच इंची जर्कबेट (झटके देत ओढायचा माशाच्या आकाराचा ल्युअर) त्याच्या ताटातलाच घास आहे. लहान ल्युअरला लहानच मस्की लागतो हा समज तर सोडूनच द्यावा. अडचण घास घेण्यात नाही, त्यानंतर आहे. बासचे हुक बारीक तारेचे, स्प्लिट रिंग (हुक ल्युअरला जोडणारी कडी) नाजूक, लाइनला लीडर (दातांनी न तुटणारा पुढचा तुकडा) नाही, आणि बोटीत जे जाळं असतं त्यात मस्कीचं फक्त डोकं मावतं. म्हणून ल्युअर बासचा असला तरी त्याच्या पुढची-मागची सगळी तयारी मस्कीचीच हवी. ती नसेल तर नुकसान आपल्यापेक्षा माशाचं जास्त होतं.

लहान ल्युअर सर्वात उपयोगी पडतो तो हंगामाच्या सुरुवातीला. मस्की साधारण 50 ते 60 अंश फॅरनहाइट पाण्यात अंडी घालतो. मिनेसोटात जूनच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडतो तेव्हा मासे नुकते त्यातून मोकळे झालेले असतात आणि चार ते आठ फूट पाण्यात, नव्यानं उगवणाऱ्या वनस्पतींच्या आसपास रेंगाळतात. अशा वेळी नऊ इंची ल्युअरच्या मागे मासा येतो, बघतो आणि वळतो. तोच मासा चार इंची जर्कबेट थांबला की तोंडात घेतो. दुसरी वेळ म्हणजे थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यावरचा निरभ्र, लख्ख दिवस. तिसरी म्हणजे शनिवार-रविवारचे गर्दीचे तलाव, जिथे प्रत्येक माशानं मोठे डबल-ब्लेड बकटेल (दोन फिरत्या पात्यांचे केसाळ ल्युअर) डोक्यावरून जाताना पाहिलेले असतात. मिनियापोलिसजवळचा लेक मिनेटोंका किंवा मिलवॉकीजवळचा प्यूवॉकी लेक ही त्याची ठळक उदाहरणं. पाणी नितळ असेल तर फरक आणखी जाणवतो.

गढूळ पाण्यात आणि रात्री मात्र मोठा ल्युअरच घ्यावा. लहान ल्युअर पाणी कमी ढवळतो, आणि न दिसणाऱ्या भक्ष्याकडे मस्की त्या हालचालीच्या आधारानं येतो. ऑक्टोबरनंतर सिस्को मासे असलेल्या खोल तलावांतही लहान ल्युअर माझ्या मते वाया जातो, कारण तेव्हा मासे अंगानं भरलेल्या मोठ्या भक्ष्यामागे असतात. आणि ज्या तलावात लहान पाइकचा सुळसुळाट आहे तिथे चार इंची ल्युअर मस्कीपर्यंत पोचतच नाही, दिवसभर पाइक सोडवत बसावं लागतं.

रॉड, लाइन, लीडर

मस्कीचा नेहमीचा रॉड इथे कामाचा नाही. तो दोन ते आठ औंसांसाठी बनवलेला असतो. अर्ध्या औंसाच्या ल्युअरनं तो वाकतच नाही, त्यामुळे कास्ट जवळच पडतो आणि रीलवर गुंता होतो. बासवाल्यांचा साडेसात फुटी हेवी रॉड, ज्याला फ्लिपिंग स्टिक म्हणतात आणि ज्यावर अर्धा ते दोन औंस असं छापलेलं असतं, तो बरोबर बसतो. रील 300 आकाराचं उत्तम, 200 चं चालतं. लाइन 50 पौंडांची ब्रेडेड (विणलेली). ल्युअर अर्ध्या औंसाच्या खाली असेल तर 40 पौंडांची. त्याहून बारीक लाइन ताणाखाली स्पूलवरच्या थरांत रुतते आणि पुढचा कास्ट अर्ध्यावर अडकतो.

मस्कीवाले एरवी 80 ते 100 पौंडांचा फ्लुरोकार्बन (पारदर्शक, एकपदरी दोरा) लीडर लावतात. तो लहान जर्कबेटच्या पुढे लावला की ल्युअरची हालचालच मरते. म्हणून कुणी 30 पौंडांचा फ्लुरोकार्बन लावतं, तर तो मस्कीच्या दातांपुढे टिकत नाही. इथे तारच हवी. एकपदरी टायटॅनियम, 30 ते 50 पौंडांची, 12 इंच लांब. ती मुडपत नाही आणि ‘नॉट टू किंकी’सारख्या तारेला सरळ गाठ मारता येते. दुसरा पर्याय म्हणजे गाठ मारता येणारी 7×7 विणीची स्टीलची तार. ती मऊ असते, पण दोन-तीन माशांनंतर कुरळी होते, मग बदलावी. पुढे 50 पौंडांचा लहान स्टे-लॉक स्नॅप (ल्युअर अडकवायची उघड-बंद होणारी कडी) पुरे. मोठा स्नॅप लावला तर चार इंची ल्युअर नाकावर बुडतो. लीडरच्या मागच्या स्विव्हलला (फिरत्या कडीला) लाइन पालोमर गाठीनं बांधा, आणि घट्ट करण्याआधी गाठ ओली करा.

हुक बदलताना

जर्कबेटवर कारखान्यातून बहुधा 4 नंबरचे तीन ट्रेबल (तीन टोकांचे हुक) येतात; नंबर लहान तसा हुक मोठा. मस्कीच्या हाडाळ तोंडात ते सरळ होतात. 2एक्स किंवा 3एक्स जाडीचे लावावेत, पण नुसते जाड लावले की ल्युअरचं वजन वाढतं आणि थांबवल्यावर जागीच तरंगणारा ल्युअर बुडू लागतो. यावर साधा उपाय आहे. मधला ट्रेबल काढून टाका आणि पुढे-मागे 2 नंबरचे, अंगात जागा असेल तर 1 नंबरचे, 2एक्स ट्रेबल लावा. वजन जवळपास तेवढंच राहतं, हुक एकमेकांत अडकत नाहीत आणि सोडवताना माशाच्या अंगात तिसरा हुक घुसत नाही. रापाला कंपनीच्या हस्की जर्क 14 किंवा एक्स-रॅप 12 वर हे सहज जमतं. स्प्लिट रिंगही एक आकार मोठी घ्या. फक्त हुक बदलला आणि रिंग जुनीच ठेवली, तर झटापटीत रिंग उघडते आणि नवा हुक माशाबरोबर जातो.

बदल केल्यावर ल्युअर लीडर आणि स्नॅपसकट पाण्यात सोडून बघा. बादलीतलं पाणी तलावाइतकंच गार हवं, कारण गार पाणी जड असतं आणि त्यात ल्युअर जास्त तरंगतो. कोमट पाण्यात जागीच राहणारा ल्युअर जूनच्या गार तलावात वर येतो. वर येत असेल तर पुढच्या ट्रेबलच्या दांडीला शिशाविरहित सोल्डर तारेचे दोन-तीन वेढे द्या, बुडत असेल तर रिंग हलकी करा. हुकच्या टोकामागचे उलटे काटे मात्र पकडीनं दाबून बसवा. मस्कीचं तोंड कठीण असतं, काटा नसलेला हुक त्यात अधिक सहज घुसतो आणि निघतोही लवकर.

एकच ल्युअर घ्यायचा झाला तर मी स्पिनरबेट (तारेवर फिरती पाती असलेला ल्युअर) सुचवीन, पाऊण ते एक औंसाचा, दोन निमुळत्या विलो पात्यांचा, पाच इंची पॅडल-टेल (रुंद शेपटीचं मऊ आमिष) जोडलेला. त्यात एकच मोठा हुक असतो, वनस्पतींतून तो न अडकता येतो आणि मासा सोडवणं सोपं जातं. पण बासचा स्पिनरबेट मस्कीच्या लीडरला लावताना एक गोष्ट हमखास चुकते. बासवाले त्याला लाइन थेट बांधतात, म्हणून त्याच्या तारेला नाकाशी बंद डोळा नसतो, नुसतं इंग्रजी ‘आर’सारखं उघडं वळण असतं. त्यात स्नॅप अडकवला की कास्ट करताना तो तारेवरून पात्यांकडे सरकतो. मग ल्युअर आडवा येतो, पाती फिरत नाहीत, आणि आपल्याला वाटतं की मासाच चावत नाही. वळणाच्या दोन्ही बाजूंना मत्स्यटाकीच्या सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा घट्ट बसवला की स्नॅप जागेवर राहतो. बंद डोळ्याचा स्पिनरबेट मिळाला तर तो सगळ्यात बरा. बासच्या स्पिनरबेटची तार सहसा 0.035 ते 0.040 इंच जाड असते, मस्कीच्या ल्युअरची 0.051 इंच किंवा अधिक. बारीक तार प्रत्येक माशानंतर वाकते, आणि तीच जागा पुन्हा पुन्हा सरळ केली की तिथेच तुटते. दोनदा सरळ केलेला स्पिनरबेट बाजूला ठेवून द्यावा.

पाऊण औंसाचा लिपलेस क्रँकबेट (पुढे पट्टी नसलेला, थरथरत चालणारा ल्युअर) कॅबेज नावाच्या रुंद पानांच्या वनस्पतीत अडकवून झटक्यानं सोडवायचा. मासा बहुतेक वेळा त्या सुटण्याच्या क्षणालाच घेतो. त्याचं वजन एकाच जागी असल्यामुळे मासा डोकं झटकून तो फेकू शकतो, तेव्हा रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवून त्याला उडी मारू देऊ नका. 5 नंबरचा मेप्स (फिरत्या पात्याचा ल्युअर) किंवा पाऊण औंसाचा बकटेल वेगानं ओढला तरच चालतो. सेंट क्लेअरवरच्या ट्यूबला तारेचा लीडर लावला की बास थोडे कमी लागतील, हे मान्य करूनच तो लावावा.

बोटीजवळचा आठ

मस्की ल्युअरच्या मागे बोटीपर्यंत येतो आणि तिथेच निर्णय घेतो. त्यामुळे प्रत्येक कास्टच्या शेवटी पाण्यात इंग्रजी आठ काढायचा, मासा दिसला नाही तरी. लीडर रॉडच्या टोकाबाहेर राहील इतकंच गुंडाळा, स्विव्हल टोकाच्या कडीत शिरली तर कडी फुटते. रॉडचं टोक फूट-दीड फूट पाण्यात घाला आणि ल्युअर बोटीशी येण्याआधीच वळण सुरू करा, म्हणजे वेग मोडत नाही. वळण रुंद, निदान तीन फुटांचं. चार फुटी मासा लहान घेरात वळू शकत नाही, आणि लहान ल्युअर हातात हलका लागत असल्यामुळे आपण नकळत घेर आवळतो. साडेसात फुटी रॉडनं हे करायला गुडघ्यावर बसावं लागतं. वळणावर ल्युअर थोडा वर न्या आणि सरळ भागात खाली व वेगानं. तीन-चार फेऱ्या तरी कराव्यात. जर्कबेटचा आठ काढताना थांबवायचा मोह आवरा. थांबल्यावर मासा त्याला जवळून न्याहाळतो आणि बहुधा खाली निघून जातो.

आठमध्ये मासा लागला तर रॉड वर उचलू नका. मासा ज्या दिशेनं चालला आहे त्याच्या उलट दिशेला, आडवा ओढा. लगेच अंगठ्यानं स्पूल दाबून धरत ते मोकळं करायचं बटण दाबा, म्हणजे माशाच्या पहिल्या धावेत हवी तेवढी लाइन देता येईल. लांबच्या माशाला ट्रेबलच्या ल्युअरवर जोराचा झटका नको. लाइन ताठ होईपर्यंत गुंडाळा आणि रॉड बाजूला न्या. एका हुकच्या स्पिनरबेटला मात्र दमदार झटका लागतो. ड्रॅग (रीलमधून लाइन किती ताणाला सुटावी ती बंदिस्ती) हातानं अंदाजानं न लावता सामान तोलायचा हुकवाला काटा लाइनला बांधून सहा ते आठ पौंडांवर लावा. 50 पौंडांची लाइन आहे म्हणून ड्रॅग आवळला तर तुटणार नाही ती लाइन, उघडेल तो हुक. आणि ब्रेडेड लाइन ताणतच नसल्यामुळे सगळा धक्का हुकवरच जातो.

लहान ल्युअरचा खरा धोका असा की मासा तो पूर्ण गिळतो. फूटभर ल्युअर जबड्याच्या कडेला अडतो, चार इंची ल्युअर थेट कल्ल्यांपाशी पोचतो. म्हणून कास्ट करण्याआधी हाताशी हवं ते असं: गाठी नसलेलं, रबर चढवलेलं मस्कीचं मोठं जाळं, 11 इंची लांब नाकाची पकड, जबडा उघडा ठेवायची स्प्रिंग आणि निपेक्स कंपनीचा छोटा बोल्ट कटर. मासा जाळ्यात, पण पाण्यातच ठेवा. हुक दिसत असेल तर पकडीनं काढा, खोल असेल तर ओढाताण न करता कापून टाका. ट्रेबल दोन ठिकाणी कापला की तुकडे सुटे होतात. तोंडातून हात पोचत नसेल तर कल्ल्याच्या झाकणाखालून कटर आत घालता येतो, फक्त लाल कल्ल्यांना धातू लागता कामा नये. दोन डॉलरचा हुक वाचवायला दोन मिनिटं घालवणं माशाच्या जिवावर बेततं. फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर, मासा आडवा धरून, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली जबड्याच्या कडेला आणि दुसरा पोटाखाली, अर्ध्या मिनिटाच्या आत. पृष्ठभागाचं पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 27 अंश सेल्सियसच्या, आसपास गेलं की मस्कीच्या मागे जाऊच नये. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो.

नियम राज्याराज्यांत, कधी तलावातलावांत वेगळे. मिनेसोटात ठेवायच्या माशाची किमान लांबी 54 इंच आहे, विस्कॉन्सिनात सर्वसाधारणपणे 40, पण काही पाण्यांत त्याहून जास्त. निघण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहाच. बास धरायला परवानगी असलेल्या काळात मस्कीचा हंगाम बंद असू शकतो. तेव्हा बासच्या ल्युअरवर लागलेला मस्की न मोजता, फोटो न काढता, तिथल्या तिथे सोडायचा असतो.

प्रत्येक माशानंतर लाइनचा पुढचा तीन-चार फुटांचा भाग बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर कापून नवी गाठ मारा. तारेला मोड पडलाय का, स्नॅपचं तोंड पूर्ण बंद होतंय का, स्प्लिट रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये फट आलीय का, हे पाहा. हुकचं टोक नखावर टेकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानशीनं तीन-चार हात मारून मगच पुढचा कास्ट टाका.