इको गाडी, आईचं इन्सुलिन आणि रात्री बंद पडणारा फ्रिज

‘तपासले, दोष आढळला नाही.’ सर्व्हिस सेंटरने आमचा गाडीतला फ्रिज दर वेळी हा एकच शेरा मारून परत दिला. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गाडीत सोलरवर फ्रिज चालवू बघणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असा वेळ वाया जाऊ नये.

आईला नर्मदा परिक्रमा करायची होती. गुडघ्यांमुळे पायी जमणार नव्हतं, म्हणून आमच्या मारुती इको व्हॅनमधून जायचं ठरलं. तिला रोज इन्सुलिन लागतं. वापरात असलेलं पेन साध्या हवेत काही आठवडे टिकतं, पण न उघडलेला साठा २ ते ८ अंशांतच राहायला हवा. गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, त्यामुळे बर्फाचा डबा बाद. आणि वाटेतल्या आश्रमांत, धर्मशाळांत रात्रभर प्लग मिळेल असं धरून चालता येत नाही.

सामान जमवायला फार त्रास झाला नाही. स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक डबे घेऊ नका. ते बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशच खाली जातात, म्हणजे मे महिन्यात विदर्भात आत २५ अंश. कॉम्प्रेसरवालाच घ्या. आमचा साधारण ६० वॉटचा आहे. कॉम्प्रेसर सतत चालत नाही, त्यामुळे ऋतूप्रमाणे दिवसाला ३५० ते ७०० वॉट-तास लागतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास साठवते आणि एका हाताने उचलता येते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा सल्ला बरेच जण देतात, पण तिचं वजन बघा, आणि टिकवायची असेल तर ती निम्मीच वापरता येते. शिवाय घडीचं सोलर पॅनेल, त्यातून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा एमपीपीटी कंट्रोलर आणि गाडी चालू असताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर. आमच्या भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने सगळं जोडून दिलं. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे, फ्रिज डिकीत.

दिवसा सगळं छान. रात्र झाली की फ्रिज बंद आणि डिस्प्लेवर लो व्होल्टेजचा कोड. थोड्या वेळाने आपोआप सुरू, दोन मिनिटं घरघर, पुन्हा बंद. पहाटे आत १४ अंश. बॅटरी मात्र ८० टक्क्यांच्या वर.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. ‘सर, बॅटरी वीक असेल.’ बॅटरीवाल्याला विचारलं तर, ‘बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) एकदम ओके आहे, फ्रिजवाल्यांना धरा.’ मग फ्रिज सेंटरला नेऊन ठेवला. तिथे तो टेबलावर घरगुती अ‍ॅडॉप्टरला लावून चालवून बघतात. तसा तो उत्तम चालणारच! मी परोपरीने सांगितलं, गाडी दारात उभी आहे, एकदा गाडीत लावून बघा. ‘गाडीचं वायरिंग आमच्याकडे येत नाही सर.’ मग आठवडाभर वाट, मग तोच कागद. पुन्हा नेला, पुन्हा तेच. काउंटरवरच्या मुलाचा दोष नव्हता, त्याला तेवढंच सांगितलेलं होतं. पण रात्रीच बंद का पडतो, हा साधा प्रश्न तिथे एकाही माणसाला पडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. इकडे कार्तिकी एकादशी जवळ येत होती. चातुर्मास संपला की परिक्रमेला निघायचं, म्हणून आई रोज कॅलेंडर बघायची.

शेवटी पाचेकशे रुपयांचा मल्टिमीटर आणला आणि रात्री टॉर्च घेऊन गाडीत बसलो. कॉम्प्रेसर बंद असताना वायरच्या दोन्ही टोकांना, म्हणजे बॅटरीपाशी आणि फ्रिजपाशी, १३.० व्होल्ट. इलेक्ट्रिशियनच्या टेस्ट लॅम्पला वायरिंग ‘ओके’ दिसलं ते यामुळेच, तो लॅम्प करंट फारच थोडा घेतो. कॉम्प्रेसर सुरू झाला तसं बॅटरीपाशी १३.० आणि फ्रिजच्या प्लगला ११.१. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गायब! फ्रिजचा प्लग ज्यात बसतो त्या सिगारेट सॉकेटला हात लावला तर गरम.

इलेक्ट्रिशियनने गाडीच्या कडेकडेने साधारण ५ मीटर वायर फिरवली होती, तीही ०.७५ स्क्वेअर एमएमची, जी टेललॅम्पला वापरतात. जाऊन-येऊन १० मीटर. एवढ्या बारीक तांब्याच्या वायरचा रोध पाव ओहम होतो. सव्वापाच अँपिअर करंट गेला की सव्वा ते दीड व्होल्ट तिथेच संपतात, उरलेला अर्धा सॉकेटच्या ढिल्या पत्तीत. बॅटरी फार उतरू नये म्हणून असे फ्रिज ठरावीक व्होल्टेजखाली स्वतःच बंद होतात; आमचा ‘हाय’ सेटिंगला ११.१ व्होल्टला बंद होतो आणि १२.४ ला पुन्हा चालू होतो. बंद झाला की करंट थांबतो, करंट थांबला की व्होल्टेज परत १३, म्हणून तो सुरू व्हायचा आणि लगेच पडायचा. दिवसा सोलर चार्जिंगमुळे बॅटरीपाशी १४ असायचे, त्यातून दोन गेले तरी निभायचं. कोडं सुटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला इतका आनंद झाला की आईला उठवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली, बॅटरीच्या प्लसजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, आणि सिगारेट सॉकेट काढून अँडरसन कनेक्टर (जास्त करंटसाठीचा घट्ट बसणारा प्लग). फ्रिजची मूळ केबल कापली नाही, वॉरंटीसाठी तशीच ठेवली, नवी वेगळी केली. आता बॅटरीला १३.० असताना फ्रिजला १२.८ मिळतात. वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका.

फ्रिज ‘लो’ सेटिंगवर, म्हणजे आणखी कमी व्होल्टेजला बंद होईल असा, टाकून वेळ मारून नेता येते, असंही काही जण सुचवतात. वायर बारीक असताना ते करू नका, ती तापत राहते. वायर बदलल्यावर मात्र ‘हाय’ची गरज नाही. ते सेटिंग गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीसाठी असतं, आपली बॅटरी वेगळी आहे.

परिक्रमेत फ्रिज एकदाही बंद पडला नाही. ओंकारेश्वरहून निघालो, तिथपासून पॅनेलच्या बाबतीत एक गोष्ट पक्की कळली: गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. त्यासाठी लांब केबल हवी, तीही जाड. पॅनेलच्या कोपऱ्यावर एका फांदीची सावली आली तरी करंट धाडकन खाली येतो. अमरकंटकला थंडी कडाक्याची असते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आतच ठेवा.

इन्सुलिन फ्रिजच्या भिंतीला टेकू देऊ नका, तिथे गोठतं. मी ते डब्यात घालून मधोमध ठेवतो, शेजारी वेगळा थर्मामीटर. डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो. आणि निघायच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर थंड करून घ्या, बॅटरीवरचा पहिला मोठा भार वाचतो.

सेंटरकडे तक्रार करायची वेळ आलीच तर कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजा आणि मीटरचे फोटो ईमेलला जोडा. मी तसे पाठवले तेव्हा कुठे त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. गाडीतली तक्रार आली की केबलच्या टोकाला व्होल्टेज मोजायला ग्राहकाला सांगू, असं त्यांनी कबूल केलंय. तुमच्या बाबतीत त्यांनी तसं सांगितलं का, ते मला जरूर कळवा.