गांडूळ जगले, एवढ्यावरून माती निर्दोष ठरत नाही

माती परीक्षणाच्या अहवालातून शिसे, कॅडमियम किंवा जस्त यांचे एकूण प्रमाण कळते. पण त्यातील किती भाग सजीवांच्या शरीरात शिरू शकतो, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. आम्लधर्मी आणि सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या मातीत जे कॅडमियम सहज विरघळते, तेच चिकणमातीच्या आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या कणांना घट्ट धरून राहते. गांडूळ माती गिळते, शिवाय त्याच्या ओलसर त्वचेतूनही मातीच्या पाण्यात विरघळलेली द्रव्ये आत जातात. म्हणूनच प्रदूषणाचा परिणाम जाणून घेताना गांडुळाची साक्ष मला रासायनिक विश्लेषणाइतकीच महत्त्वाची वाटते.

ही साक्ष काढण्याची पहिली प्रमाणित पद्धत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८४ मध्ये स्वीकारली. तिच्यात वाळू, केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि पीट (दलदलीत अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) यांपासून बनवलेल्या कृत्रिम मातीत 'आयझेनिया फेटिडा' जातीची प्रौढ गांडुळे १४ दिवस ठेवून किती मरतात ते मोजतात. माझ्या मते, केवळ या एका चाचणीवर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण ज्या मात्रेला एकही गांडूळ मरत नाही, त्याहून कमी मात्रेतसुद्धा कोषांची (गांडुळांच्या अंड्यांच्या पिशव्यांची) आणि पिल्लांची संख्या घटू शकते, आणि पिल्लेच नसतील तर शेतातील गांडुळांची वस्ती काही काळाने ओसरणारच. त्याच संघटनेची २००४ ची प्रजनन चाचणी हीच उणीव भरून काढते. प्रौढ गांडुळे २८ दिवसांनी बाहेर काढली जातात, कोषांना आणखी २८ दिवस दिले जातात आणि मग पिल्ले मोजली जातात. मातीत लपलेली बारीक पिल्ले शोधणे कष्टाचे असल्याने डबा ५० ते ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ठेवतात. उष्णतेमुळे ती पृष्ठभागावर येतात.

निकाल लवकर हवा असल्यास ४८ तासांची टाळण्याची चाचणी उपयोगी पडते. डब्याच्या एका भागात संशयित आणि दुसऱ्या भागात स्वच्छ माती भरून गांडुळे मधोमध सोडली जातात. ८० टक्क्यांहून अधिक गांडुळे स्वच्छ बाजूला आढळली, तर संशयित मातीची अधिवास म्हणून क्षमता घटली आहे असे मानतात. मात्र चेतासंस्थेवर आघात करणारी काही कीटकनाशके गांडुळे टाळत नाहीत, त्यामुळे ती दोन्हीकडे सारखी विखुरलेली दिसली तरी निश्चिंत होता येत नाही.

आणखी एक मर्यादा सांगणे मला आवश्यक वाटते. 'आयझेनिया फेटिडा' प्रयोगशाळेत सहज वाढते, पण तिचे नैसर्गिक घर शेणखत आणि कुजणारा पालापाचोळा हे आहे. शेतजमिनीच्या आत राहणाऱ्या 'अ‍ॅपोरेक्टोडिया कॅलिजिनोसा'सारख्या जाती अनेक रसायनांना तिच्यापेक्षा अधिक संवेदनशील असतात. तसेच तुलनेसाठी घेतलेली स्वच्छ माती पोत, सामू (आम्लतेचे माप, पीएच) आणि सेंद्रिय पदार्थ यांबाबत संशयित मातीशी शक्य तितकी मिळतीजुळती असायला हवी, अन्यथा गांडुळांनी नापसंत केलेल्या आम्लतेचा दोष आपण विनाकारण प्रदूषणाच्या माथी मारतो.