१०३ पायऱ्या चढणं, आणि उतरणं

आज सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या उतरताना मी एकदाही कठड्याला हात लावला नाही. वर जायला नऊ मिनिटं लागली, खाली यायला अकरा. ऐकणाऱ्याला यात काय सांगण्यासारखं असं वाटेल पण मला हे लिहून ठेवायचंच होतं, कारण चिकनगुनियातून उठून इथपर्यंत यायला मला नऊ महिने लागलेत आणि त्यातले दोन महिने तरी वाचले असते, जर कोणीतरी मला चढण्यापेक्षा उतरण्याबद्दल आधी सांगितलं असतं.

आधी माझं रुटीन काय होतं ते सांगते. सहा वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, पावणेसहाला पर्वती पायथा. तीन राउंड, म्हणजे १०३ पायऱ्या तीन वेळा वर आणि तीन वेळा खाली. पायऱ्या तुम्हाला माहितीच असतील, रुंद, दगडी, थोड्या उतरत्या, हत्ती चढू शकेल अशा बांधल्यात म्हणतात. एक राउंड वर जायला मला चार-साडेचार मिनिटं लागायची. शेवटच्या राउंडला देवदेवेश्वराला नमस्कार करायचा, मग नानासाहेब पेशव्यांच्या समाधीपाशी दोन मिनिटं उभं राहायचं. त्यांनीच हे देऊळ बांधलं आणि पानिपतानंतर, १७६१ च्या जूनमध्ये, ते गेलेही इथेच पर्वतीवर. मला त्या जागी उभं राहिलं की शांत वाटतं, का ते नीट सांगता येत नाही. रोजची माणसं ठरलेली. कोणाचं नाव माहीत नाही पण चेहरा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशी होणार, बरं होतं ना म्हणून.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियाची केवढी साथ होती आठवत असेल. आमच्या सोसायटीत घरटी एक तरी पेशंट. मला ऑगस्टमध्ये झाला. ताप चारच दिवस होता, १०२-१०३ पर्यंत जायचा, पण ताप उतरला आणि खरं दुखणं तेव्हा सुरू झालं. हाताची बोटं मिटायची नाहीत. कुकरचं झाकण लागेना, पोळी लाटता येईना, फरशीचं फडकं पिळता येईना. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेतून कळ थेट डोक्यात. यावर वेगळं असं औषध नाही, आराम, पाणी, तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल, बाकी वाट बघायची. आई म्हणायची, "अगं तो वर्षभर हाडात मुरतो, घाई करू नकोस." मी ऐकलं नाही.

डिसेंबरात जरा बरं वाटायला लागलं तशी एका रविवारी गेलेच मी. मनात एकच होतं की तीन राउंड नाही तर नाही, एक तरी पूर्ण करायचा. केला. चार वेळा थांबून, धापा टाकत, पण वर पोचले आणि समाधीपाशी उभी राहिले तर डोळ्यांत पाणीच आलं. मग खाली उतरले आणि सगळं बिघडलं ते उतरतानाच. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे सुजलेले, घोटे सुजलेले, बाथरूमपर्यंत जायलाही भिंत धरावी लागत होती. तीन आठवडे परत घरात. एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला, चाळिशी उलटली आता, पायऱ्या सोडा, बागेत सपाट चाला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. सपाट चालणं वाईट आहे असं नाही, सारसबागेत चालणारी कितीतरी ठणठणीत माणसं मी रोज बघते, पण मला पर्वती परत हवी होती आणि ती मिळणार नाही हे कोणी इतक्या सहज सांगू शकतं याचंच मला दुःख झालं.

मग मैत्रिणीने तिच्या फिजिओकडे पाठवलं. या बाईंनी पहिल्या भेटीत मला काही करायलाच लावलं नाही, नुसतं समजावून सांगितलं. तासभर. आणि मला वाटतं माझं खरं बरं होणं तिथून सुरू झालं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. आपण झोपून राहिलो की सगळ्यात आधी दम जातो, कारण रक्तातलं पाणी पहिल्या काही दिवसांतच कमी व्हायला लागतं, हृदयाला प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलायला मिळतं. पण हाच दम परतही सगळ्यात आधी येतो. स्नायू त्यानंतर. आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, म्हणजे टेंडन, ते सगळ्यात सावकाश, त्यांना महिने लागतात. त्यामुळे व्यायाम सोडून परत सुरू केला की चार-सहा आठवड्यांनी एक वेळ अशी येते की दम म्हणतो चल अजून, मांड्या म्हणतात चल अजून, आणि गुडघा-टाच अजून तयारच नसतात. बहुतेक लोकांना दुखापत तेव्हाच होते. माझं तर त्यात सांधे आधीच चिकनगुनियाने सुजलेले. आणि उतरणं! चढताना दमायला होतं म्हणून आपल्याला वाटतं चढणं अवघड, पण पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. मांडीचा स्नायू तेव्हा लांब होत होत ब्रेक लावत असतो आणि अशा कामानेच तो सगळ्यात जास्त ठणकतो, तेही लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून डिसेंबरात वर असताना मला सगळं ठीक वाटत होतं.

त्यांनी एक जुना प्रयोगही सांगितला, तो मी घरी येऊन नीट वाचला. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं आणि त्यांचा स्टॅमिना मोजला, ऑक्सिजन वापरायची जास्तीत जास्त क्षमता. ती जबरदस्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावून मोजलं, तर तीस वर्षं वय वाढून जेवढं कमी झालं होतं त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांत कमी झालं होतं! हे वाचून मी आधी घाबरले, तीन आठवड्यांनी एवढं तर माझं चार महिन्यांत काय झालं असेल. पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तेव्हाही व्यायाम सुरू केल्यावर दोन महिन्यांत ते परत रुळावर आले होते, आणि पन्नाशीत त्यांना सहा महिने हळूहळू ट्रेनिंग दिलं तेव्हा वयाने गेलेली ती क्षमता त्यांनी परत मिळवली. पन्नाशीत! मी तर अजून सत्तेचाळीसची आहे.

जानेवारीत सुरुवात केली ती घरातल्या पाटावर. खरंच, आईच्या लग्नातला जड लाकडी पाट आहे आमच्याकडे, पूजेला काढतो तो. त्यावर उभं राहायचं आणि एक पाय अगदी सावकाश, चार आकडे मोजत, खाली जमिनीवर टेकवायचा. परत वर. दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा. बरोबर खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, चहा उकळेपर्यंत. एवढंच. पहिल्या दिवशी पाटावरून उतरताना माझा पाय थरथरत होता, दोन-तीन इंच उंचीवरून. तीन आठवड्यांनी थरथर गेली. मग जिन्याची एक पायरी. मग दोन.

नियम एकच होता आणि तो मी अजून पाळते. आज केलं ते जास्त झालं का हे आज ठरवायचं नाही, उद्या सकाळी ठरवायचं. उठल्यावर सांधे अर्ध्या तासात मोकळे झाले तर ठीक. त्याहून जास्त वेळ आखडलेले राहिले, किंवा सूज दिसली, तर तो दिवस सुट्टी आणि पुढच्या वेळी थोडं कमी. मांडीचा ठणका चालेल, सांध्याचा नाही. आणि एक दिवस आड, रोज नाही.

फेब्रुवारीत पर्वतीवर गेले तेव्हा ठरलं होतं फक्त २० पायऱ्या. आणि हे सगळ्यात अवघड होतं, दुखण्यापेक्षाही. विसाव्या पायरीवर वळायचं, सगळी माणसं वर चाललीयेत, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे आजोबा वर चाललेत, दम तर अजून लागलेलाही नाही, आणि आपण खाली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते नेहमीचे आजोबा थांबले, म्हणाले, "काय गं पोरी, एवढ्यातच परत?" मी सांगितलं काय झालंय ते. ते काही बोलले नाहीत, माझ्याबरोबर वळले आणि खालपर्यंत आले, आणि मग एकटे परत पहिल्यापासून चढायला लागले. त्यानंतरचे कितीतरी दिवस विसाव्या पायरीवर वळताना मला वाईट वाटलं नाही.

दर आठवड्याला दहा पायऱ्या वाढवत गेले. मार्चमध्ये सर्दी-तापाने आठ दिवस गेले तेव्हा ५० वरून ३० वर आले, आणि तेव्हा मात्र घाबरले नाही कारण तोपर्यंत कळलं होतं की आधी जे कमावलेलं असतं ते दुसऱ्यांदा लवकर येतं. स्नायू बारीक झाले तरी व्यायामाने त्यांच्या पेशींमध्ये वाढलेली केंद्रकं, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारे भाग, तशीच टिकून राहतात असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, मसल मेमरी म्हणतात ती हीच असावी. माझ्या मांड्यांना तरी आठवत होतं. एप्रिलच्या शेवटी १०३ झाल्या.

एक मनापासून सांगायचंय. आजारातून उठलेल्या माणसाला मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवू नका. मला डिसेंबरात ढिगाने आले होते, जिद्द सोडू नकोस, शरीर नाही मन हरतं, असले. जिद्द माझ्याकडे भरपूर होती, तिनेच मला त्या रविवारी वर नेलं. मला तेव्हा हवं होतं ते कोणीतरी "आज वीसच पायऱ्या, मी पण येते" म्हणणारं. तुमच्या ओळखीत माझ्यासारखं कोणी असेल तर हे म्हणा, खूप फरक पडतो. आणि घड्याळातले जुने रेकॉर्ड काढून टाका, मी काढले. साडेचार मिनिटांचा तो आकडा रोज डोळ्यांसमोर असता तर मी नऊ मिनिटांवर कधीच खूष झाले नसते, आणि आज मी खूप खूष आहे.

बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत सकाळी, डाव्या हाताची शेवटची दोन. फडकं मात्र पिळता येतं. दुसरा राउंड कधी ते फिजिओ बाईंशी बोलून ठरवायचंय, त्या म्हणाल्या निदान सहा आठवडे एकच, आणि पाऊस सुरू झाला की दगड निसरडे होतात तेव्हा पायऱ्या बंद, परत पाट. पाट मी माळ्यावर टाकलेला नाही, ओट्याखालीच आहे. आणि बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या कालच काढून टाकल्या, त्यात साठलेल्या स्वच्छ पाण्यातच चिकनगुनिया पसरवणारे डास होतात. शेजारच्या काकूंच्याही काढल्या, त्यांना विचारून.