पेटीचा गंधार का टोचतो?

भजनी मंडळ असो की गाण्याचा क्लास, सोलापुरात पेटीवाल्याला एक प्रश्न ठरलेला: "तंबोरा नीट लागलाय, पेटी नवी आहे, तरी ग दाबला की टोचतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पेटी बिघडलेली नसते. तिचं सप्तक १२ सारख्या पायऱ्यांत कापलेलं असतं, पायरी १०० सेंटची (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). तंबोरा असं मोजत नाही. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा, म्हणजे खर्जाची, खालच्या सा ची, तार १२० ची. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा ठेवून साधलेला झणकार, चांगली असेल तर त्याच तारेतून पाचपट, ६०० चा सूर आपोआप उमटतो. हाच स्वयंभू गंधार; मध्य सप्तकात तो ३०० वर येतो. पेटीचा ग ३०२.४ वर, जवळपास १४ सेंट चढा. पेटीच्या आवाजात त्याची दुप्पटही असते, ६०४.८. ती ६०० ला भिडली की आवाज सेकंदाला पाचेक वेळा हेलकावतो. टोचतं ते हेच.

स्वतः ऐकून बघा. उन्हाळ्यात तारा तापून उतरतात, म्हणून आधी तंबोरा पुन्हा लावा. खर्ज एकटा छेडा आणि ग हलक्या भात्यावर धरा. जोर दिला तर रीडचा, म्हणजे आत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभेचा, सूरच सरकतो.

पंचमाला त्रास नाही: ३६० हवा तिथे ३५९.६. धैवताची गोष्ट अवघड. तो ४०० हवा की ४०५, हे राग ठरवतो, आणि पेटी देते ४०३.६. श्रुती म्हणतात ती, म्हणजे सुरांमधला असा बारीक फरक, इथे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींचा हिशेब मांडला तो यासाठीच. तुर्की संगीतशास्त्र तर सप्तक ५३ भागांत मोजतं.

उपाय म्हणजे गंधार ट्यूनिंग: ग ची रीड उतरवून तंबोऱ्याच्या गंधाराशी जुळवणं. रीडची जीभ मुळाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून दोनच हलके हात मारायचे, रीड निवू द्यायची, मग ऐकायचं. गरम रीड सूर खाली दाखवते, त्यामुळे घाईत अंदाज चुकतो. मुळाशी जास्त खरवडलेली जीभ पुढे तुटते.

काळी एक या पट्टीला सा धरून अशी लावलेली पेटी मग पांढरी चारला सा धरून चालत नाही. स्केल चेंजरवर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या पेटीवर, तर हे करूच नका: पट्ट्या सरकल्या की ग साठी उतरवलेली रीड सा किंवा प होऊन बसते.

ट्यूनिंग बदलायचं नसेल तर साथीला सा आणि प धरून ठेवा. ग ला नुसता स्पर्श करून सोडा. तिथला मुक्काम गाणाऱ्याचा.