वाइनच्या गावातला एक दिवस

गेल्या हंगामात आमच्या थॉमसन द्राक्षाच्या बागेची शेवटची तोड एका व्यापाऱ्याने नेली आणि तिचे पैसे आजतागायत आले नाहीत. त्याआधी अवकाळी पावसाने मणी तडकले, ते नुकसान वेगळेच. तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय चालला होता: उरलेला माल वाइनवाले घेतील का, आणि घेत नसतील तर दोन एकरांवरची जुनी बाग काढून वाइनची द्राक्षे लावावीत का? सासूबाई माळकरी असल्यामुळे हा विषय त्यांच्यासमोर काढायला मला संकोच वाटत होता, परंतु त्यांच्या कानावर तो गेलाच. त्या एवढेच म्हणाल्या, "आधी जाऊन बघून ये, मग बोलू."

आमचे गाव जालना जिल्ह्यात, कडवंचीच्या शिवारापासून फारसे लांब नाही. कडवंचीत १९९६ मध्ये पाणलोटाचे काम सुरू झाले, पाठोपाठ शेततळी आली आणि त्या पाण्याच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्यांचे बघूनच आमच्याकडे द्राक्षांचे मांडव आले. मात्र आमच्या भागातले बहुतेक शेतकरी खाण्याची द्राक्षे करतात. वाइनसाठीची बाग मी तोपर्यंत एकदाही पाहिली नव्हती. ओळखीतून निफाड तालुक्यात, विंचूरच्या अलीकडच्या एका खेड्यातील छोट्या वायनरीची, म्हणजे वाइनच्या कारखान्याची, परवानगी मिळाली, परंतु तोड पाहायची असेल तर उजाडण्याच्या आत पोहोचा, अशी त्यांची अट होती.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रात्री दोन वाजता धाकट्या भाऊजींसोबत मी निघाले. जालन्याला समृद्धी महामार्गावर चढून वैजापूरजवळ उतरलो, येवला मागे टाकले आणि साडेपाचच्या सुमारास त्या खेड्यात पोहोचलो. गाव अजून झोपेतच होते. मारुतीच्या देवळापुढचा दिवा आणि बागेत डोक्याला बॅटरी बांधून तोड करणाऱ्या बायका, एवढीच काय ती हालचाल दिसत होती. ऊन चढले की मणी तापतात आणि क्रेटमध्येच रस आंबू लागतो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत तोड उरकायची असते. तेथील बाग सांभाळणाऱ्या कृषी पदवीधराने हे सांगितले, तेव्हा आमच्याकडे अकरा वाजेपर्यंत उन्हात पडून असलेले क्रेट मला आठवले.

बाग शिराझ या लाल वाइनच्या जातीची होती. घड पाहून पहिल्यांदा माझी निराशाच झाली, कारण ते लहान आणि गच्च भरलेले होते आणि मणी वाटाण्यापेक्षा थोडेसेच मोठे होते. आम्ही वर्षभर ज्यासाठी राबतो ते येथे काहीच नव्हते. आम्ही घडातले जादा मणी काढून विरळणी करतो, मणी फुगवणाऱ्या जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो, मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा व्हावा म्हणून जिवाचे रान करतो. येथे मणी फुगला तर तो दोष मानतात. वाइनचा रंग, तुरटपणा आणि पुष्कळशी चव सालीत व बियांत असते, त्यामुळे मणी जितका लहान तितके रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण जास्त. त्यांनी मला एक मणी तळहातावर दाबायला सांगितला. रस जवळजवळ पाण्यासारखा निघाला, परंतु साल चोळताच अंगठ्याचे नख जांभळे झाले आणि तो रंग रात्री घरी पोहोचेपर्यंत गेला नाही. लाल वाइनचा लाल रंग कोठून येतो हे मला त्या नखाने शिकवले.

तोडीपूर्वी रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजण्याच्या उपकरणावर रस पाहिला, तो २३ ब्रिक्स भरला; ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप. एवढ्या साखरेतून सुमारे १३ टक्के अल्कोहोल तयार होते, असा त्यांचा हिशेब आहे. आमची थॉमसन सतरा-अठराला बाजारात जाते. उरलेला माल वाइनला देण्याच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळाले होते. तरीही मी विचारले. "ताई, घेणार नाही असं नाही सांगत," ते म्हणाले, "पण तुमच्या मालाला साखर कमी, आंबटपणा वेगळा, आणि तुम्हाला खाण्याच्या द्राक्षाच्या निम्माही भाव मिळणार नाही."

पुढचा सगळा वेळ आम्ही शेडमध्ये होतो. क्रेट यंत्रात ओतले की देठ एका बाजूने बाहेर पडतात आणि फुटलेले मणी रसासकट स्टीलच्या टाकीत जातात. तेथे रस खराब होऊ नये म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मोजून टाकतात आणि नंतर साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट सोडतात. पांढऱ्या वाइनसाठी शेनिन ब्लांसारखी द्राक्षे आधीच दाबून साल वेगळी काढतात आणि रस १४ ते १६ अंशांवर थंड ठेवून सावकाश आंबवतात. लाल वाइन मात्र सालीसकट, २५ ते २८ अंशांवर आंबते. चार दिवसांपूर्वी भरलेल्या एका टाकीत सालींचा जाड थर वर आला होता आणि त्याच्या कडेने फेस फुटत होता. हा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाहीतर तो सुकून बिघडतो. मी डोकावायला गेले तसे तेथील कामगार दादांनी माझा हात धरून मागे ओढले. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीच्या तोंडाशी साचतो, त्यावर वाकले तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यांच्या त्या काळजीचे मला फार अप्रूप वाटले. चोथ्याचे पुढे कंपोस्ट होते आणि ते परत बागेत जाते, हेही त्यांनीच दाखवले.

चव घेण्याचा आग्रह कोणी केला नाही, आणि मीही घेतली नाही.

दुपारी झाडाखाली भाकरी खाताना लागवडीचा हिशेब मांडला. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क झाला, त्यामुळे या भागात वायनरी आणि शेतकरी यांची गाठ पडली. येथे लागवडीआधीच करार होतो, जात वायनरी ठरवते, आणि दर्जासाठी एकरी पीक पाच-सहा टनांवर रोखतात. आमच्या हाती एकरी दहा टन येतात. वाइनच्या जातीला विरळणी आणि घड बुडवण्याचा खर्च नसल्याने फरक थोडा भरून निघतो, परंतु करार मोडला तर ही द्राक्षे मोंढ्यात विकता येत नाहीत, कारण बियांची, जाड सालीची द्राक्षे खाण्यासाठी कोणी घेत नाही. शिवाय तोडलेला माल त्याच सकाळी वायनरीत पोहोचायला हवा, आणि आम्ही पावणेदोनशे किलोमीटर लांब आहोत. गेल्या वर्षी बुडालेले पैसे मनात ताजे असताना, एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहणारी बाग लावण्याचे धाडस मला करवले नाही. आमच्या तालुक्यात वायनरी असती तर मी वेगळा विचार केला असता, हेही तितकेच खरे.

परतताना भाऊजींनी बेदाण्याचा विषय काढला. तोही द्राक्ष टिकवण्याचाच मार्ग आहे, साखर त्यालाही २२ ब्रिक्सपर्यंत लागते, आणि चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. परंतु बेदाणा वाळवून ठेवला तर भावासाठी थांबता येते. रात्री सासूबाईंना सगळे सांगितले. त्यांनी माझे जांभळे नख उजेडात धरून पाहिले आणि विचारले, "मग बाग काढायची की ठेवायची?" मी ठेवायची म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन एकरांतला रस मोजला, तो १८ भरला. म्हणून बेदाण्यासाठी त्या भागाची तोड थांबवली आहे आणि दर चार दिवसांनी रस पुन्हा मोजते आहे.