आमची वाटचाल : गरम पाण्याच्या लाइनमधली लपलेली गळती

आर्वी-कारंजा भागातल्या संत्र्याच्या बागांमध्ये ठिबक आणि विहिरीची पाइपलाइन टाकण्यापासून आमच्या फर्मचं काम सुरू झालं. पुढे गावोगावी स्लॅबवर सोलर वॉटर हीटर चढले आणि त्यांच्यासोबत नवी तक्रार आली : भिंतीला ओल, पोपडे, पण पाणी कुठून येतं ते दिसत नाही. आज आमचं बरंचसं काम हेच आहे. टाइल फोडण्याआधी गळती सिद्ध झालीच पाहिजे, हा आमचा नियम.

आधी स्लॅबवर जातो. सोलरच्या एअर व्हेंटचा (हवा-वाफ बाहेर सोडणारा) पाइप वरच्या गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच नसेल, तर टाकी भरली की व्हेंटमधून पाणी सांडतं आणि स्लॅबमधून झिरपतं. काचेच्या नळीजवळचं सिलिकॉन रबर कडक झालं असेल तर तिथूनही थेंब पडतात. या दोन्ही गोष्टी बघितल्याशिवाय खाली उतरत नाही.

मग गार पाण्याच्या टाकीवर रात्रभराचं माप, म्हणजे नळ बंद असताना पातळी किती उतरते ते. आतला व्यास 1.1 मीटर असेल तर 1 सेंटिमीटर पातळी म्हणजे साधारण 9.5 लिटर. पण सेकंदाला एक थेंब ही गळती दिवसाला जेमतेम 4 लिटर भरते. 8 तासांत दीड लिटरही नाही. त्यात सोलरमधलं 200 लिटर गरम पाणी 60 अंशांवरून 50 वर निवलं की एखादा लिटर आकसतं आणि तेवढं टाकीतून ओढलं जातं. म्हणून मोठी गळती टाकीवर कळते, बारीक कळत नाही.

बारीक गळतीला हातपंपाची प्रेशर टेस्टच लागते. सोलर पूर्ण वेगळा करायचा, कारण घरगुती साध्या सोलरची टाकी दाबासाठी बनलेली नसते, ती फुटेल. गरम-गार पाण्याचे मिक्सर नळ काढून प्लग लावायचे आणि पहाटे, लाइन पूर्ण निवल्यावर, गार पाण्याने 4 किलोपर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला) दाब चढवायचा. लाइन गरम असताना लावली तर पाणी निवताना दाबमापकाचा काटा आपोआप उतरतो आणि चांगली लाइनही गळकी ठरते. हवेचा कॉम्प्रेसर सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपला, कधीच लावायचा नाही; पाइप फुटला तर तुकडे उडतात.

अर्ध्या तासात काटा उतरला, तर टी-जवळ (लाइनला फाटा फुटतो त्या जोडाजवळ) लाइन तोडून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वेगवेगळं तपासतो. दोषी भाग सापडला की त्यात गरम पाणी सोडून तासाभराने अनवाणी पायाने टाइल चाचपायची, थर्मामीटरने खात्री करायची. हे थंडीतच नीट जमतं. मे महिन्यात फरशी स्वतःच तापलेली असते.

बहुतेक वेळा दोष पितळी आट्यांच्या जोडावर निघतो. जास्त टेफ्लॉन टेप गुंडाळून पाना मारून आवळलं की प्लास्टिकला केसासारखी चीर जाते. दुसरं कारण भिंतीत घट्ट गाडलेला पाइप. तापमान 40 अंशांनी वाढलं की 10 मीटर सीपीव्हीसी अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, त्याला जागा नसेल तर सगळा ताण एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, येतो.

दुरुस्तीत काटकोनात काप, कडेची घासणी, सीपीव्हीसीचंच सोल्युशन, पाव वळसा आणि 30 सेकंद घट्ट धरणं. गरम पाणी 24 तासांनंतर.

आता नव्या घरात प्लास्टरआधी भिंतीवर मोजायची टेप धरून प्रत्येक जोडाचा फोटो काढतो आणि घरमालकाच्या मोबाइलवर देतो.